किती वाजता परत फिरायचं

माझ्या फोनमधल्या नकाशावर ‘करिजिनी’ नावाची एक यादी आहे. तीन वर्षांपूर्वी पर्थला आले तेव्हाच केलेली. त्यात एकूण २३ चांदण्या आहेत. कुठे धबधबा, कुठे डोह, कुठे नुसताच ‘इथून सूर्यास्त बघ’ असा कुणीतरी दिलेला सल्ला. दर हिवाळ्यात (म्हणजे इथल्या, जून ते ऑगस्टच्या) मी ती यादी उघडायचे, रजा मोजायचे आणि बंद करायचे. या वर्षी आई तीन महिन्यांसाठी आली आणि यादी खरोखर उघडावी लागली.

करिजिनी हे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा नावाच्या प्रदेशातलं राष्ट्रीय उद्यान. सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं. वरून पाहिलं तर लाल माती, स्पिनिफेक्स नावाच्या टोचऱ्या गवताचे गोल गोल पुंजके आणि मधूनमधून चुना लावल्यासारख्या पांढऱ्या खोडाची झाडं. सगळं रखरखीत. मग अचानक पायाखालची जमीन फाटते आणि शंभरेक मीटर खोल घळ दिसते. तळाशी पाणी, नेचे, सावली. जमिनीच्या वर बघण्यासारखं फार नाही, जे आहे ते पोटात. या घळी ज्या खडकात कोरल्या गेल्यात तो २५० कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आहे. पाण्यातलं लोह थराथराने खाली बसत गेलं आणि त्याचे लाल-काळे पट्टे झाले. आपला सह्याद्री ज्या बेसाल्टचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांचा. त्या हिशोबाने राकट-कणखर वगैरे सह्याद्री अजून पाळण्यात आहे.

हे मी आईला फोनवर सांगितलं होतं, ती यायच्या आधी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मला वाटलं, ती खडकाबद्दल विचारेल. तिने विचारलं, “अक्षांश किती?”

मी बघून सांगितलं, साधारण साडेबावीस दक्षिण.

“म्हणजे वाटेत मकरवृत्त लागेल.”

पहिला बेत तिथेच मोडला. मी विमानाची तिकिटं बघून ठेवली होती. पर्थहून पॅराबर्डूला दोन तासांच्या आत पोचायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची. पण पॅराबर्डू मकरवृत्ताच्या उत्तरेला आहे, म्हणजे वृत्त हवेतच ओलांडलं जाणार. आई म्हणाली, “पस्तीस वर्षं फळ्यावर तुटक रेघ काढली मी. विमानातून कसलं ओलांडणं? पाय ठेवायचाय मला.” मग गाडीने जायचं ठरलं. पर्थ ते करिजिनी सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्लीच जवळपास. फरक इतकाच की मुंबई-दिल्लीच्या वाटेत वडोदरा, कोटा, जयपूर लागतात. इथे वाटेत मीकाथारासारखी गावं लागतात, आणि तिथे हजारभरसुद्धा वस्ती नाही.

अशा ठिकाणी जायचा बेत करणं हे वेगळंच काम आहे. आपल्याकडे ट्रेकचा बेत म्हणजे काय, तर गाडी कुणाची, चहा कुठे आणि पोहे कोण आणणार. बाकी गावात गेल्यावर बघू. कुणीतरी मामा भेटतात, वाट दाखवतात, रात्री पडवीत झोपू देतात. इथे ‘गेल्यावर बघू’ चालत नाही, कारण गेल्यावर कुणी नसतं. उद्यानात पेट्रोल मिळत नाही, ते टॉम प्राइस नावाच्या खाणीच्या गावातून भरून यायचं. बहुतेक भागात मोबाइलला रेंज नाही. भाड्याच्या गाडीच्या करारात लिहिलेलं असतं की गावाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, कारण कांगारू. त्यामुळे एका दिवसात किती अंतर हे आपली ताकद ठरवत नाही, सूर्य ठरवतो, आणि ऑगस्टमध्ये तो सहाच्या सुमाराला मावळतो. रस्त्यावर रोड ट्रेन असतात, एका ट्रकला तीन-चार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब. त्यांना ओलांडायचं तर समोरचा रस्ता किती मोकळा हवा याचा मी नाशिक-मुंबई महामार्गावर कधी विचारही केला नव्हता.

मी एक एक्सेल शीट केली. पाणी ४० लिटर. जास्तीचं चाक. गरम कपडे, कारण दिवसा पंचवीस अंश असलं तरी रात्री पारा पार खाली येतो. उन्हाळ्यात तिथे चाळिशीच्या वर असतं, म्हणून सगळे मे ते सप्टेंबरमध्येच जातात, आणि म्हणून तंबूच्या जागा महिनोन्महिने आधी भरतात. मला दोन रात्री मिळाल्या, त्याही कुणीतरी रद्द केल्या म्हणून. आणि एक लोकेटर बीकन. काडेपेटीहून थोडं मोठं पिवळं यंत्र. बटण दाबलं की उपग्रहामार्फत संदेश जातो आणि बचावाची यंत्रणा हलते. आई ते हातात घेऊन म्हणाली, “म्हणजे १०८ का?” मी म्हटलं, हो, फक्त यांना फोनवर पत्ता सांगावा लागत नाही.

आता यादीकडे येते. करिजिनीत पायवाटांना वर्ग दिलेले आहेत, एक ते सहा. पहिला म्हणजे व्हीलचेअर जाईल असा सपाट रस्ता. पाचवा म्हणजे शिडी, ओल्या कातळावरून चढउतार, छातीपर्यंत थंडगार पाणी. सहाव्याला दोर आणि परवानाधारक वाटाड्या लागतो. माझ्या २३ चांदण्यांपैकी बहुतेक पाचव्या वर्गात होत्या. हँकॉक गॉर्ज, तिथली शिडी, मग तो प्रसिद्ध चिंचोळा बोळ, जिथे दोन्ही भिंतींना हात-पाय टेकून कोळ्यासारखं सरकत जायचं, आणि पुढे हिरवा डोह. तुम्ही त्याचा रील नक्की पाहिला असेल, नाव माहीत नसलं तरी.

आईचं वय ६३.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं कामच हे की माणूस खुर्चीतून कसा उठतो ते बघून त्याचं काय दुखतंय ते ओळखायचं. पर्थमध्ये किंग्ज पार्कपाशी जेकब्ज लॅडर म्हणून २४२ पायऱ्यांचा जिना आहे, सगळं शहर तिथे व्यायामाला येतं. आई आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी तिला तिथे घेऊन गेले. ‘सराव’ म्हणून. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून न थांबता वर गेली. वर पोचून नदी बघितली, दम खाल्ला, दोन पोरांना इंग्रजीत “व्हेरी गुड” म्हणाली. मी खूश. मग ती उतरायला लागली, आणि उतरताना आडवी होऊन उतरली. कठड्याला धरून, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा.

हे मला दिसलं. न दिसणं शक्यच नव्हतं. दिवसातून दहा वेळा मी लोकांना हेच विचारते, उतरताना दुखतं का? पण आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि मग चांदण्या पुसाव्या लागल्या असत्या.

माझ्याकडे तेव्हा एक म्हातारे गृहस्थ श्वासाच्या व्यायामासाठी यायचे. नाव सांगत नाही, सांगायचं नसतं, आणि ओळख पटेल असं बाकीचंही काही बदलून लिहिते आहे. मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, जो जवळपास नेहमी एकाच गोष्टीने होतो, अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे तंतू श्वासातून आत गेले की तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षं काहीच होत नाही, मग एक दिवस जिना चढताना धाप लागते. त्यांना वाक्य पूर्ण करायला दोन श्वास लागायचे. तरी बोलायचे फार. मी कुठली, काय खाते, इथे एकटी का. आई आली आहे आणि आम्ही करिजिनीला चाललोय हे कळल्यावर म्हणाले, “मी तिथलाच.”

चारेक वर्षांचे असताना आईवडलांबरोबर तिथे गेले, शाळेची पहिली काही वर्षं तिथेच. पोहायला सगळी मुलं डोहात शिकली. फॉर्टेस्क्यू फॉल्स सकाळी बघ म्हणाले, लोक यायच्या आत. मला कुठे हुरूप आवरतो! मी फोन काढला, यादी उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. हे कसं आहे, ते कसं आहे. त्यांनी चष्मा लावला. बोटाने नकाशा वर सरकवला, उद्यानाच्या उत्तरेच्या कडेला. तिथे माझी तेवीसावी चांदणी होती. विटनूम.

विटनूम हे गाव आता नाही. तिथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. करिजिनीच्या खडकात लोहाच्या पट्ट्यांच्या मधे निळसर तंतूंचे थर असतात, तेच हे. १९४३ ते १९६६ या काळात एका कंपनीने ते काढलं. खाणीतून उरलेला भुगा इतका होता की तो रस्त्यांवर घातला, धावपट्टीवर घातला, शाळेच्या मैदानावर घातला. मुलं त्यात खेळायची, जशी आपल्याकडे बांधकामाच्या वाळूत खेळतात. एकंदर वीसेक हजार माणसं त्या गावात कधी ना कधी राहून गेली, त्यातली दोन हजारांहून जास्त त्या धुळीने मेली. २००७ मध्ये सरकारने नकाशावरून गावाचा दर्जा काढला, वीज त्याआधीच तोडली होती. २०२२ मध्ये कायदा करून उरलेल्या शेवटच्या घरांनाही कुलूप लावलं, पुढच्या वर्षी ती पाडली. आजूबाजूची सुमारे ४६ हजार हेक्टर जमीन दूषित म्हणून जाहीर आहे. लाखो टन भुगा अजून घळीत तसाच पडून आहे, पाऊस आला की खाली वाहतो. ही जमीन मुळात बन्यिमा लोकांची. ‘करिजिनी’ हे नावसुद्धा त्यांचंच, इंग्रजांनी हॅमर्स्ली म्हटलेल्या या डोंगररांगेचं. पिलबाराच्या मूळ रहिवाशांमध्ये या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे. गाव पाडलंत, आता जमीन साफ कधी करणार, असं बन्यिमा अजून विचारताहेत.

आणि मी तिथे चांदणी लावली होती. कारण यूट्यूबवर कुणाचा तरी व्हिडिओ होता, मास्क लावून भुताच्या गावात फिरण्याचा. संगीत वगैरे.

आजोबांनी फोन परत दिला. रागावले नाहीत. म्हणाले, “तुला कुणी सांगितलं नसेल.”

मी म्हणायला हवं होतं की सांगितलं होतं. व्हिडिओच्या सुरुवातीलाच पाटी दिसते, प्राणघातक धूळ, आत येऊ नका. मला माहीत होतं आणि तरी चांदणी लावली होती. पण मी नुसतं “नाही” म्हटलं. ते म्हणाले, “आम्हालाही नाही सांगितलं,” आणि मग मोठा श्वास घ्यायला थांबले, आणि मी घाईघाईने पुढचा व्यायाम सुरू केला.

घरी येऊन वाचत बसले. एरिक सेंट नावाचे डॉक्टर १९४८ साली विटनूमला जाऊन आले होते आणि त्यांनी त्याच वर्षी आरोग्य खात्याला लेखी कळवलं होतं की इथली धूळ माणसं मारणार आहे. १९४८. खाण त्यानंतर अठरा वर्षं चालली. म्हणजे सांगणारा होता. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते पोचू दिलं गेलं नाही, एवढंच.

रात्री जेवताना मी आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे ते सिमेंटचे पत्रे, तेच ना? आमच्या शाळेला होते.”

मी म्हटलं, ते पांढऱ्या जातीचं, सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं. इतकं वाईट नाही. ऑस्ट्रेलियात २००३च्या अखेरीपासून सगळ्या जाती बंद आहेत. भारतात मात्र अजून बाहेरून आणून पत्रे करतात.

“जुने झाले की त्याचा चुरा पडायचा,” आई म्हणाली. “गारा पडल्या त्या वर्षी चौथीच्या वर्गाचे पत्रे फुटले. मुलांनीच गोळा केले तुकडे. मीच सांगितलं होतं गोळा करायला.”

यावर काय बोलणार. मी पोळी वाढली. मग ती म्हणाली, “आपण तिथे चाललोय तर तू मला धोक्याचं सगळं सांगितलंयस का? की मला फक्त बीकनचं पिवळं बटण दाखवलंस?”

नव्हतं सांगितलं. म्हणजे पाणी, कांगारू, थंडी हे सांगितलं होतं. हे नव्हतं सांगितलं की त्या घळींमध्ये माणसं मेली आहेत. २००४च्या एप्रिलमध्ये एका जखमी बाईला बाहेर काढायला उतरलेले जिम रीगन हे आपत्कालीन सेवेचे स्वयंसेवक अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेले. तिथल्या एका डोहाला आता त्यांचं नाव आहे. आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतं, पाऊस दूर कुठेतरी पडलेला असतो, आणि चिंचोळ्या घळीत पाण्याला पसरायला जागाच नसते. मी हे वाचलं होतं, त्याचा दुवासुद्धा एक्सेलमध्ये होता, पण शेवटच्या शीटवर. ती शीट आईला दाखवायचीच नाही असं मी ठरवलं होतं. तिला उगाच काळजी नको.

आई म्हणाली, “तुला कसं माहीत पाणी अचानक येतं म्हणजे काय ते?”

आणि मग मी नऊ वर्षं न सांगितलेलं सांगितलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही सहा जण सांदणला गेलो होतो. साम्रदची सांदण दरी, भंडारदऱ्याच्या पलीकडची. दरी म्हणतात, पण आहे घळच, दोन भिंतींमध्ये काही ठिकाणी हात पसरले की दोन्हीकडे कातळ लागतो. मे महिन्याचा शेवट. आईला सांगितलं होतं की भंडारदऱ्याला काजवे बघायला चाललोय, तेवढं खरंही होतं. सकाळी साम्रदमधल्या एका मावशींनी चहा देताना म्हटलं, आज उतरू नका, वळीव येणार, उकाडा बघा केवढा आहे. सगळे थांबायला तयार होते. मी म्हटलं, पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊ, मग बघू. पहिल्या टप्प्यापाशी पोचल्यावर म्हटलं, दोर लावलाच आहे तर उतरू. एकदा दोराने खाली उतरलं आणि दोर ओढून घेतला की वर यायची सोय नाही, खाली डेहण्याच्या बाजूलाच निघायचं. दुपारी तीनला अंधारून आलं. आधी भिंतींवरून दगड यायला लागले, मग पाणी. फार नाही. मांडीपर्यंत असेल. पण मांडीपर्यंतच्या लाल पाण्यात पायाखालचे दगड सरकतात आणि माणूस उभा राहू शकत नाही हे तेव्हा कळलं. आम्ही एका मोठ्या दगडावर चढून चार तास बसलो. एका मैत्रिणीचा घोटा मोडला होता. ती अजूनही जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाही. तिने मला कधीच काही म्हटलं नाही. मी फिजिओ झाले त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पण तिचा घोटा मी अजून मनात दर महिन्याला तपासते.

आईने सगळं ऐकून विचारलं, “त्या साम्रदच्या बाईंना नंतर भेटलात?”

नाही. ते सुचलंच नाही.

बराच वेळ आई ताटात बोटाने रेघा ओढत होती. मला वाटलं आता बोलणी. पण ती म्हणाली, “मी मार्चमध्ये पडले.”

जिन्यात, दूध घेऊन येताना. गुडघा सुजला, एमआरआय काढला, त्यात कूर्चा फाटलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला, पण उतार आणि उड्या नकोत. “तुला सांगितलं असतं तर तू तिकीट रद्द केलं असतंस.”

“रिपोर्ट कुठेय?”

“आणलाय. बॅगेत तळाला आहे, मेतकुटाच्या खाली.”

मला हसू आलं आणि रागही आला. मी रिपोर्ट बघितला, गुडघा बघितला, जो मी आल्याच्या दुसऱ्या आठवड्यातच बघायला हवा होता. आंतरकूर्चेच्या मागच्या बाजूला चीर. चालायला हरकत नाही. चढायलाही नाही. उतरायला आहे. आणि घळ म्हणजे आधी उतरणंच. डोंगराचं बरं असतं, दमलो तर खाली येतो. घळीत दमलेल्या माणसाला चढायचं असतं.

त्या रात्री यादी पुन्हा उघडली. या वेळी आई शेजारी बसली, हातात वही. वर्गात उत्तरपत्रिका तपासावी तसं आम्ही एकेक चांदणी तपासली. विटनूम मी तिच्यासमोर पुसलं. डेल्स गॉर्जला फॉर्टेस्क्यू फॉल्सपर्यंत लोखंडी जिना आहे, कठडा आहे, ते काठी घेऊन सावकाश जमेल, सकाळी, लोक यायच्या आत. तिथून थोडं पुढे फर्न पूल. बन्यिमांसाठी ती पवित्र जागा आहे, तिचं खरं नाव जुबुरा. तिथे उड्या मारायच्या नाहीत, आरडाओरडा करायचा नाही, पाण्यात हळू उतरायचं. आई म्हणाली, हे बरं आहे, गंगेवर असं कुणी सांगत नाही. ऑक्सर लुकआउटला चार घळी एकत्र मिळतात, ते वरूनच बघायचं आहे. मकरवृत्ताला तिने वहीत अर्धा तास राखून ठेवला. तिथे भर दुपारी पोचायचं, कारण तिला सावली बघायची आहे. नाशिकला मे महिन्यात शून्य सावलीच्या दिवशी ती मुलांना मैदानात काठ्या रोवायला लावायची. इथे ऑगस्टमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. हे तिला माहीतच आहे, शिकवलेलंच आहे, पण बघितलेलं नाही. काठी म्हणून ती लाटणं नेणार आहे.

मग हँकॉक गॉर्ज आलं. मी म्हटलं, ते राहू दे.

“का? तुझा गुडघा चांगला आहे.”

“तू एकटी वर काय करशील?”

“बसेन. झाडं आहेत ना ती पांढरी. आणि खड्यांचे ढीग करणारा उंदीर कुठे दिसतो का बघेन.” (असा उंदीर आहे. वाटाण्याएवढे खडे तोंडाने आणून बिळाभोवती टेकाड रचतो. इतक्या माहितीतून आईला हाच आवडला.) “तू जा. फक्त आज ठरवायचं, तिथे गेल्यावर नाही.”

मग आम्ही ठरवलं. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, जवळ किंवा लांब कुठेही पावसाचा अंदाज असेल तर उतरायचं नाही. शिडीपाशी दुसरं कुणी आत जाणारं नसेल तर उतरायचं नाही. मी लिहून दिलं, अकराला आत जाईन, एकला वर. आईने दोन तासांवर काट मारून दीड केलं. “साडेअकराला कुठेही असलीस तरी घड्याळ बघायचं, आणि पावणेबाराला परत फिरायचं. हिरवा डोह दोन पावलांवर असला तरी.” मी म्हटलं, आई, दोन पावलांवर असेल तर… तिने चष्म्यावरून बघितलं. मी गप्प.

आजोबांची पुढच्या आठवड्याची वेळ रद्द झाली, त्याच्या पुढचीही. मग एक दिवस आले, खुर्चीतून. मी व्यायामाचं काही काढलं नाही. त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले, मला माहीत होतं. ते म्हणाले, माहीत आहे. मग विचारलं, आईचं काय ठरलं? मी सगळा नवा बेत सांगितला, लाटण्यासकट. त्यांना लाटणं म्हणजे काय ते हातवारे करून सांगावं लागलं. म्हणाले, डेल्सला उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर थांबायला सांग तिला, गुडघा दुखत नसला तरी. तिथून पाण्याचा आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं.

परवा पहाटे निघतोय. पाण्याचे कॅन भरून झालेत. आईने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने केलेत, ‘आत’ आणि ‘बाहेर’, आणि बीकनचं पाकीट वहीला रबरबँडने बांधलंय. आज सकाळी चहा पिताना तिने पुन्हा सगळं घोटून घेतलं. साडेबाराला मी वर आले नाही तर ती आधी शिडीपाशी जाऊन वर येणाऱ्यांना विचारणार. एकपर्यंत काही कळलं नाही तर बटण.

“आणि उशीर फोटो काढण्यामुळे झाला असेल तर?” आईने विचारलं.

“तर बटण नको दाबूस. विमान पाठवतील ते.”

“मला काय माहीत असणार खाली काय चाललंय? मी वर आहे,” आई म्हणाली. “मी एकला दाबणार.”